६५ पेन्सचा हिशेब: स्कॉटलंडच्या दुकानात दारूची किमान किंमत कशी काढायची

आपल्याकडे दुकानदाराला एक धाक असतो: छापील किमतीच्या वर विकायचं नाही. स्कॉटलंडमध्ये दारूच्या बाबतीत बरोब्बर उलटं आहे. वर कितीही घ्या, कुणी हरकत घेत नाही. ठरल्या किमतीच्या खाली मात्र एक पेनीसुद्धा उतरता येत नाही. इथे शिकायला येऊन दुकानात अर्धवेळ काम धरणाऱ्या मराठी पोरापोरींना हे उलटं गणित पचायला वेळ लागतो, म्हणून हे लिहितेय. मी मूळची मिरजेची. ग्लासगोच्या पूर्व भागात आमचं छोटं दुकान आहे: दूध, पाव, पेपर, सिगारेट आणि मागच्या भिंतीला दारूची फळी. दर सप्टेंबरला "काकू, काम आहे का?" विचारत नवे चेहरे येतात. काम असो-नसो, हिशेब शिकवून पाठवते. दुसऱ्याच्या गल्ल्यावर तरी उपयोगी पडतो.

आधी एक अट. मालकाने तुम्हाला कमीत कमी दोन तासांचं प्रशिक्षण देऊन त्याची नोंद ठेवल्याशिवाय इथे दारू विकायला उभं राहता येत नाही. "आज गर्दी आहे, कागद उद्या करू" असं कुणी म्हणालं तर तुम्ही पाव आणि दूध विका, दारूला हात लावू नका. नोंदीचा कागद भरताना त्यावर तुमची सही होतेय ना, तेही बघा.

हिशेब

कायदा मोजतो ते युनिट. एक युनिट म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. ३० सप्टेंबर २०२४ पासून एका युनिटला ६५ पेन्स हा तळाचा दर आहे. त्याआधी, १ मे २०१८ पासून, तो ५० पेन्स होता. कायद्याच्या पुस्तकात सूत्र जरा जड करून लिहिलंय. मी पोरांना असं पाठ करायला लावते:

मिलिलिटर गुणिले टक्के, भागिले हजार: आले युनिट.
युनिट गुणिले ६५ पेन्स: आली किंमत.

व्हिस्कीची नेहमीची बाटली ७०० मिलिलिटरची, ताकद (म्हणजे आतलं शुद्ध अल्कोहोल) ४० टक्के. ७०० गुणिले ४० म्हणजे २८,०००. हजाराने भागलं की २८ युनिट. २८ गुणिले ६५ पेन्स, १८ पौंड २० पेन्स. याच्या खाली ती बाटली दुकानाबाहेर जाणार नाही. मग ती कोणत्याही कंपनीची असो, लेबल सोन्याचं असो की साध्या कागदाचं.

स्वस्तातली व्होडका बहुतेक ३७.५ टक्क्यांची असते. २६.२५ युनिट, १७ पौंड ७ पेन्स. वाइन ७५० मिलिलिटर, १२ टक्के: ९ युनिट, ५ पौंड ८५. तीच वाइन १४ टक्क्यांची असली तर साडेदहा युनिट, ६ पौंड ८३. बिअरचे ५०० मिलिलिटरचे चार डबे, ५ टक्के: एकूण १० युनिट, साडेसहा पौंड. इथली हाफ बॉटल ३५० मिलिलिटरची. ४० टक्क्यांची असेल तर १४ युनिट आणि ९ पौंड १० पेन्स. हा १४ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

उत्तरात पेनीचा तुकडा आला की वर न्यायचा. १७.०६२५ आलं म्हणजे १७.०७. शाळेत जवळच्या आकड्याला न्यायला शिकवलेलं असतं, ते इथे विसरा. खाली गेलात तर चूक, वर गेलात तर कधीच नाही.

किमतीत व्हॅट धरलेला असतो. म्हणजे गिऱ्हाईक गल्ल्यावर जो आकडा मोजतो तोच ६५ च्या हिशेबात बसला पाहिजे.

लेबल बघा, आठवणीवर जाऊ नका

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो ताकदीत. ऑगस्ट २०२३ पासून ब्रिटनमधला दारूवरचा कर ताकदीप्रमाणे चढतो, म्हणून बऱ्याच कंपन्यांनी गुपचूप टक्का उतरवला. तीच बिअर, तोच रंग, तेच नाव, पण जुन्या खोक्यावर एक आकडा आणि नव्यावर दुसरा. फळीवर दोन्ही शेजारी शेजारी उभे असतात. मशीनमध्ये नव्या टक्क्याने भाव भरला आणि जुना, जास्त ताकदीचा डबा स्कॅन झाला, तर तुम्ही किमान किमतीखाली विकलंत. मशीनने सांगितलं हे उत्तर तिथे चालत नाही. नवं खोकं फोडताना बाटलीच्या पाठीवरचा टक्का वाचायची सवय लावून घ्या. आकडा इतका बारीक छापलेला असतो की मी त्यासाठी गल्ल्याशेजारी भिंग ठेवलंय.

दुसरी गोष्ट सेंटिलिटरची. ७० सीएल म्हणजे ७०० मिलिलिटर. सांगायची गरज नाही असं वाटतं, पण घाईत शून्य पडतं.

तिसरी, किंमत छापलेला माल. डब्यांच्या गठ्ठ्यावर कंपनीनेच मोठ्या अक्षरांत भाव छापलेला असतो. इंग्लंडच्या घाऊक बाजारातून स्वस्त म्हणून असा माल उचलून आणणारे दुकानदार आहेत. इंग्लंडमध्ये हा युनिटचा कायदा नाही, त्यामुळे तो छापील भाव इथे बेकायदा ठरू शकतो. वरची किंमत लावली की गिऱ्हाईक छापील आकड्यावर बोट ठेवून भांडणार, आणि त्याचंही खरंच असतं. असा माल घ्यायचाच नाही. मालक ऐकत नसेल तर निदान तुम्ही स्वतः गठ्ठ्याचा हिशेब करून त्याला दाखवा.

एकावर एक फ्री? नाही

इथे एक जुना नियम नव्यात मिसळतो आणि पोरं गोंधळतात. ऑक्टोबर २०११ पासून स्कॉटलंडमध्ये दुकानातल्या दारूवर "तीन घ्या, दोनचे पैसे द्या" बंद आहे. एक नग सुटा विकत असाल, तर अनेक नगांचा गठ्ठा त्या सुट्या भावाच्या बेरजेपेक्षा स्वस्त देता येत नाही.

उदाहरण घ्या. वरचे चार डबे साडेसहा पौंडांना, हिशेबात अगदी बरोबर. पण तेच डबे तुम्ही सुटेही विकता आणि सुट्याचा भाव १ पौंड ६५ लावलाय. चार सुट्यांचे झाले ६ पौंड ६०. म्हणजे साडेसहाचा गठ्ठा किमान किमतीच्या नियमात पास आणि या नियमात नापास. एकतर सुटा डबा बरोबर १ पौंड साडेबासष्ट पेन्सला लावा... पण अर्धी पेनी कुठून आणणार? म्हणून गठ्ठा ६.६० करा नाहीतर सुटे विकू नका. आम्ही सुटे विकत नाही. त्याला आणखी एक कारण आहे, ते खाली येईल.

बाकीचं भराभर सांगते. दारूचा भाव एकदा बदललात की ७२ तास पुन्हा बदलता येत नाही. शुक्रवारी संध्याकाळपुरती सूट हा प्रकार इथे नाही. जेवणासोबत वाइन अशी एकत्र किंमत लावली, तर त्या सगळ्याची मिळून किंमत निदान आतल्या वाइनच्या किमान किमतीइतकी हवी. व्हिस्कीसोबत ग्लास भेट असलेला नाताळचा डबाही तसाच. नोकरांना सूट द्या खुशाल, पण दारूवर तळाच्या खाली नाही. तारीख उलटत आलेली बिअर अर्ध्या भावात काढायची म्हणाल तर तीही सवलत नाही. पाव अर्ध्या किमतीत जातो, बिअर जात नाही. म्हणून बिअर मोजूनमापून भरायची.

आणि हे सगळं मोडलं तर? किमान किंमत ही परवान्याची अट आहे. अट मोडून दारू विकणं हा गुन्हा आहे. दंड २०,००० पौंडांपर्यंत, कैद सहा महिन्यांपर्यंत. परवान्याचे अधिकारी दुकानात येतात तेव्हा फळीवरच्या चिठ्ठ्या वाचतात आणि मान हलवत हिशेब करतात. त्यांना तोंडपाठ असतो.

गिऱ्हाइकाने विचारलं, हा कर कुठे जातो?

रोज कुणीतरी विचारतं. उत्तर ऐकून माणसं चकित होतात: हा कर नाहीच. वाढलेला पैसा, त्यातला व्हॅट सोडला तर, सरकारकडे जात नाही, दुकानदार आणि कंपनी यांच्यातच राहतो. मला विचाराल तर या कायद्यातली ही सगळ्यात अवघड जागा. माझ्या गल्ल्यात पडलेल्या त्या जास्तीच्या पौंडांतून व्यसनमुक्तीचं केंद्र चालायला हवं होतं, असं मला वाटतं. पण कर लावला असता तर मोठ्या दुकानांनी तो स्वतः सोसून व्होडका पुन्हा स्वस्त केली असती, हेही खरं. सरळ तळच ठरवल्यामुळे ती वाट बंद झाली.

ही गोष्ट कुणासाठी केली ते २०१८ च्या आधीची फळी पाहिलेल्यांना विचारा. तीन लिटरची पांढऱ्या सायडरची (सफरचंदाच्या दारूची) प्लॅस्टिकची बाटली, साडेसात टक्क्यांची, चार पौंडांच्या आत मिळायची. हिशेब करा: साडेबावीस युनिट. ब्रिटनमधले डॉक्टर आठवड्याला १४ युनिटच्या वर जाऊ नका म्हणतात. म्हणजे आठवड्याची मर्यादा अडीच पौंडांच्या आसपास ओलांडता यायची, एका वेळच्या जेवणापेक्षा स्वस्त. १ मे २०१८ च्या सकाळी तीच बाटली सव्वाअकरा पौंडांची झाली आणि थोड्याच दिवसांत फळीवरून गेली. आज ती १४ पौंड ६३ ला पडेल. कुणी मागत नाही.

याउलट बकफास्ट. डेव्हनमधल्या मठाच्या नावाची, १५ टक्के ताकदीची, कॅफिनवाली गोड वाइन. ग्लासगोच्या बाजूला तिच्या नावाने रोज शंख होतो. पण ५० पेन्सच्या हिशेबात तिची किमान किंमत ५ पौंड ६३ निघायची आणि ती आधीपासूनच त्याच्या वर विकली जात होती. कायद्याने तिला स्पर्शही केला नाही. कुणाला आवडो न आवडो, हा कायदा नाव, बदनामी, बाटलीचा आकार काही बघत नाही. फक्त आत अल्कोहोल किती आणि त्याला पैसे किती.

कायदा २०१२ मध्ये एडिंबरोत, स्कॉटलंडच्या संसदेत मंजूर झाला आणि पाच वर्षांहून जास्त कोर्टात अडकला. स्कॉच व्हिस्कीवाल्यांची संघटना त्याविरुद्ध एडिंबरो, मग लक्झेंबर्गचं युरोपीय न्यायालय करत लंडनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १५ नोव्हेंबर २०१७ ला हरली. गंमत अशी की चांगल्या स्कॉचला या किमतीने काही फरक पडतच नव्हता. फरक पडणार होता तो सगळ्यात स्वस्त माल विकणाऱ्यांना.

उपयोग झाला का? मार्च २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास आला. २०२० च्या अखेरपर्यंतचे आकडे घेऊन, इंग्लंडशी तुलना करून त्यांनी सांगितलं की निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू, कायदा नसता तर झाले असते त्यापेक्षा १३.४ टक्के कमी झाले; वर्षाला दीडशेच्या आसपास माणसं. सगळ्यात जास्त फरक गरीब वस्त्यांत. आमच्यासारख्या. दुसरी बाजूही सांगते, कारण गिऱ्हाइकं तीच बोलून दाखवतात: ज्यांना दारूशिवाय हात थरथरतात त्यांचं पिणं भावामुळे सुटलं असं दिसलं नाही. त्यातले काही जण जेवणाला कात्री लावून बाटली घेतात, हेही अभ्यासांत आलंय. आणि करोनानंतर आकडे पुन्हा चढले. २०२३ मध्ये स्कॉटलंडमध्ये दारूने १,२७७ माणसं गेली. एप्रिल २०२४ मध्ये संसदेने कायदा पुढे चालू ठेवला आणि ५० चे ६५ केले. ५० चा आकडा २०१२ मध्ये काढलेला, महागाईने तो केव्हाच पोकळ झाला होता.

मिरजेला फोन केला की भाऊ म्हणतो, आता आपल्याकडेही किमान किंमत आलीय. आली खरी. जून २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने १८० मिलिलिटरच्या क्वार्टरला तळ ठरवले: देशी ८० रुपये, धान्यापासूनची नवी महाराष्ट्रात बनणारी १४८, भारतात बनलेली विदेशी २०५, उंची विदेशी ३६०. हाच हिशेब तिथे लावून बघा. ताकद ४२.८ टक्के धरली तर क्वार्टरमध्ये ७.७ युनिट. विदेशीत युनिटला साडेसव्वीस रुपयांच्या वर, आणि तेवढ्याच ताकदीची देशी असेल तर साडेदहा रुपयांच्या आत. अल्कोहोल तेवढंच, तळ मात्र बाटलीवरच्या वर्गाप्रमाणे चार. तो निर्णय तिजोरीसाठी होता, वर्षाला १४,००० कोटींची जादा भर पडेल असं सरकारनेच सांगितलं. इथला यकृतासाठी होता. दोन्हींना किमान किंमतच म्हणतात.

गल्ल्यावर बोलायचं कसं

दारू विकायची वेळ सकाळी १० ते रात्री १०. सकाळी दहाच्या ठोक्याला दाराबाहेर जी माणसं उभी असतात, त्यांच्यासाठी हा कायदा झाला. त्यांच्याशी नीट वागा. नावं लक्षात ठेवा. उपदेश करू नका, आणि तोंड वाकडं तर मुळीच करू नका.

"चीपेस्ट व्हॉडी", म्हणजे सगळ्यात स्वस्त व्होडका, मागितली तर भाव सांगा. पैसे कमी पडले तर ते म्हणतील, एक पौंड सोड ना. सोडायचा नाही. सांगायचं: "सॉरी पाल, कॅन्ट गो अंडर दॅट, इट्स द लॉ." बाईमाणूस असेल तर पालच्या जागी हेन. आवाज चढवायचा नाही. मनात कणव आली तर पावात सोडा, दुधात सोडा, तुमच्या खिशातून केळं द्या. बाटलीत सोडलेला पौंड हा गुन्हा आहे. सुटे डबे आम्ही ठेवत नाही ते यासाठीच: खिशातली शेवटची चिल्लर मोजत माणूस दिवसातून सहा वेळा येतो आणि प्रत्येक वेळी ही घासाघीस होते.

"इंग्लंडात स्वस्त मिळते" असं म्हणणाऱ्याला हो म्हणा, खरंच आहे ते. स्वतःपुरतं सीमेपलीकडच्या कार्लाइलहून आणलं तर त्याला कुणी अडवत नाही. ऑनलाइनचंही तसंच: माल इंग्लंडच्या गोदामातून निघाला तर हा दर लागत नाही, स्कॉटलंडमधून निघाला तर लागतो.

पंचविशीच्या आतला वाटला की ओळखपत्र मागा, वय १८ पूर्ण हवं. झोकांड्या खात आलेल्याला विकणं हाही गुन्हा, त्याच्या हातात पन्नासची नोट असली तरी.

कधी कुणी सांगेल, उद्यापासून एकदम बंद. शाबासकी देण्याआधी एवढं बोला: रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरला न विचारता एकदम सोडलं तर झटके येऊ शकतात, जीव जाऊ शकतो. आधी जीपीला, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरला, भेट म्हणावं, नाहीतर ड्रिंकलाइन या दारूविषयीच्या मदतीच्या फोनसेवेला फोन कर म्हणावं. त्याचा नंबर आमच्या गल्ल्याच्या काचेवर गिऱ्हाइकाच्या बाजूने चिकटवलेला आहे.

दर बदलला तर

६५ कायमचे नाहीत, पुन्हा वाढतील. त्या वेळी तुम्ही कामावर असाल तर घाबरायचं कारण नाही. रात्री १० ला विक्री बंद होते, सकाळी १० ला सुरू. मधले बारा तास तुमचे. २०२४ मध्ये बदल सोमवारी होता, म्हणून आम्ही रविवारी रात्री बसलो. आधी सगळ्यात स्वस्त माल घ्या: व्होडका, सायडर, घरगुती ब्रँडची बिअर, स्वस्त वाइन. महाग बाटल्या आधीच तळाच्या वर असतात, त्यांच्यावर रात्र घालवू नका. बाटली हातात घ्या, टक्का वाचा, युनिट काढा, नवा भाव मशीनमध्ये भरा, मग चिठ्ठी लावा. चिठ्ठी आधी आणि मशीन नंतर असं केलंत तर मधेच चहा प्यायला उठल्यावर कुठवर आलो होतो ते कळत नाही. सगळं झालं की प्रत्येक स्वस्त मालाचा एक नग स्कॅन करून आकडा ताडून बघा. गठ्ठे आणि सुटे वेगळे ताडा. युनिटचा तक्ता हाताने लिहून गल्ल्याखाली चिकटवा, सकाळच्या पाळीला येणाऱ्याला तो लागेल.